औषध देण्याआधी सिस्टर पुन्हा पुन्हा नाव का विचारतात? नर्सिंगच्या पुस्तकातले हे नियम आले कुठून?

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होऊन तीन दिवस झालेले असतात. सिस्टर ओळखीच्या झालेल्या असतात. त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे, हेसुद्धा नातेवाइकांना कळलेलं असतं. तरीही रात्री नऊच्या इंजेक्शनला त्या येतात, हातात ट्रे असतो आणि पहिला प्रश्न असतो, "पूर्ण नाव सांगा." सकाळी विचारलेलं असतं, दुपारी विचारलेलं असतं. पेशंट वैतागतो. "अहो सिस्टर, आता तरी ओळखता ना?"

ओळखतात. पण हा प्रश्न ओळख काढण्यासाठी नसतोच. औषध डॉक्टर लिहितात, फार्मासिस्ट काढून देतो आणि ते पेशंटच्या अंगात जातं नर्सच्या हातून. डॉक्टरांच्या लिहिण्यात चूक झाली तर फार्मासिस्ट पकडू शकतो. त्याच्याकडून सुटली तर नर्स पकडू शकते. नर्सकडून सुटली तर पुढे कुणीच नाही, पुढे थेट पेशंटची शीर आहे. म्हणून जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, औषधशास्त्र शिकवताना कुठली गोळी कशावर चालते एवढ्यावर भागत नाही. ती देण्याआधी काय काय तपासायचं, हे घोटून घेतलं जातं.

बाहेरून बघणाऱ्याला ही तपासणी म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी वाटते. ती सुटली की काय होतं, त्याचं एक उदाहरण अमेरिकेत २०१७ साली घडलं आणि जगभरातल्या नर्सेसनी त्याची चर्चा केली.

नॅशव्हिलमध्ये नेमकं काय झालं होतं?

टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये ७५ वर्षांच्या एक आजी मेंदूतल्या रक्तस्रावासाठी ॲडमिट होत्या. तब्येत सुधारत होती. डिसेंबर २०१७ मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांना स्कॅनसाठी नेलं. मशीनच्या बंद जागेची त्यांना भीती वाटत होती, म्हणून डॉक्टरांनी थोडं शांत करणारं औषध लिहिलं. त्याचं ब्रँडचं नाव व्हर्सेड आणि मूळ औषधाचं नाव मिडाझोलाम.

तिकडे वॉर्डात औषधांचं कॉम्प्युटरवर चालणारं कपाट असतं. नाव टाइप केलं की खण उघडतो. नर्सने व्हर्सेडची पहिली दोन अक्षरं टाइप केली. कपाटात औषधं मूळ नावाने लावलेली होती, त्यामुळे हवं ते मिळालं नाही. तिने कपाटाची सुरक्षा बाजूला ठेवणारा पर्याय वापरला, पुन्हा तीच दोन अक्षरं टाकली आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारं दुसरं औषध बाहेर आलं. ते होतं व्हेक्युरोनियम.

व्हेक्युरोनियम ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर वापरतात. ते शरीराचे स्नायू लुळे करतं, श्वास घेणारे स्नायूसुद्धा. म्हणून ते दिलेल्या पेशंटला व्हेंटिलेटर लागतो. शुद्ध मात्र त्याने जात नाही. म्हणजे भूल न देता ते दिलं, तर माणूस जागा असतो आणि श्वास घेऊ शकत नाही.

चूक पकडायच्या जागा कमी नव्हत्या. मिडाझोलाम पातळ मिळतं, व्हेक्युरोनियम पावडरच्या रूपात येतं आणि पाण्यात कालवावं लागतं. बाटलीच्या झाकणावर लुळं करणारं औषध असल्याचा इशारा छापलेला होता. तरी इंजेक्शन गेलं. नंतर पेशंटवर कुणाची नजरही नव्हती. प्रतिसाद नसल्याचं लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी आजी गेल्या.

नर्सने चूक लगेच कबूल केली होती. २०२१ मध्ये तिचं लायसन्स रद्द झालं. मार्च २०२२ मध्ये कोर्टाने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी तिला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. तुरुंगवास झाला नाही, पण नर्सिंगच्या दुनियेत मोठं वादळ उठलं. कपाटाची सुरक्षा बाजूला ठेवून औषध काढणं त्या काळात तिथे रोजचंच होतं, असा बचाव तिच्या बाजूने मांडला गेला. चूक कबूल करणाऱ्याला गुन्हेगार केलं तर उद्या चूक सांगेल कोण, असा सवाल हजारो नर्सेसनी केला. सवाल रास्त आहे. पण बाटलीवरचं नाव वाचायला लागतात दोन सेकंद, हेही तितकंच खरं.

मग नर्सिंगमध्ये शिकवतात काय?

नर्सिंगच्या मुलामुलींना पाच गोष्टी पाठ असतात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. इंग्रजीत यांना 'फाइव्ह राइट्स' म्हणतात. पुढे त्यात योग्य नोंद, पेशंटचा नकार देण्याचा हक्क वगैरे भर पडत गेली. पण कणा या पाचांचाच.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात सोपा वाटतो आणि फसवतोही तोच. एका वॉर्डात दोन पाटील किंवा तीन शिंदे असणं आपल्याकडे काही नवल नाही. बेड नंबरवर भरवसा ठेवावा, तर खिडकीजवळचा बेड रिकामा झाला म्हणून पेशंट दुपारी तिकडे हललेला असतो. म्हणून बेड नंबर ही ओळख धरत नाहीत. नाव आणि सोबत आयपीडी नंबर किंवा जन्मतारीख अशा किमान दोन खुणा जुळाव्या लागतात.

प्रश्न कसा विचारायचा, हेही शिकवलं जातं. "तुम्ही पाटील काकाच ना?" असं विचारायचं नाही. तापात असलेला, अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. म्हणून पेशंटकडून नाव वदवून घ्यायचं. त्यानंतरचा प्रश्न ॲलर्जीचा. पेनिसिलीनची ॲलर्जी असणाऱ्याला ते गेलं तर काही मिनिटांत घसा सुजून श्वास कोंडू शकतो. तेव्हा हा प्रश्न दहाव्यांदा आला तरी उत्तर नीट द्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये पेशंटच्या सुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले होते. त्यातला पहिला होता सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांबद्दल, दुसरा पेशंटची ओळख पटवण्याबद्दल. डोपामिन आणि डोब्युटामिन ही नावं मोठ्याने म्हणून बघा. दोन्ही आयसीयूतली, दोन्ही हृदयासाठी वापरली जाणारी, पण काम वेगळं. म्हणून लेबल एकदा वाचून चालत नाही. कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि पेशंटजवळ पोचल्यावर, असं तीनदा वाचायचं.

एक टिंब आणि दहापट डोस

डोसच्या चुका बऱ्याचदा लिहिण्यातून होतात. १ मिलिग्रॅम लिहायचं तर '१.०' लिहू नये, कारण टिंब पुसट उमटलं की ते १० दिसतं. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर नुसतं '.५' लिहू नये, आधी शून्य हवंच, नाहीतर ते ५ वाचलं जातं. दोन्ही चुकांत डोस थेट दहापट होतो. फोनवर ऑर्डर घेताना 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत घोळ होतो, म्हणून ऐकलेलं लिहून परत वाचून दाखवायचं आणि आकडा सुटा म्हणायचा, 'वन, फाइव्ह'.

गणित मात्र सातवीच्या पातळीचं असतं. समजा डॉक्टरांनी जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम लिहिलंय आणि हातातल्या बाटलीवर '२ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम' असं छापलंय. हवा तो डोस भागिले हातातला डोस, गुणिले मिलिलिटर. ६० भागिले ८० गुणिले २, म्हणजे दीड मिलिलिटर. कागदावर हे कुणालाही जमतं. रात्री तीन वाजता, एका सिस्टरच्या जिवावर अख्खा वॉर्ड असताना जमवणं वेगळं. त्यातून जेंटामायसिन जास्त झालं तर किडनीला आणि कानाला इजा करणारं औषध.

इन्सुलिनची गोष्ट तर भारतातल्या घराघरांत लागू पडते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट या ताकदीचं मिळतं. पेनच्या कार्ट्रिजमधलं असतं १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजची टोपी लाल, १०० वालीची नारिंगी. आता कुणी १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर काय होईल? २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट. डॉक्टरांनी सांगितले २०, अंगात गेले ५०, अडीचपट. साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम सुटतो, माणूस बरळायला लागतो, बेशुद्ध पडतो. हे रात्री झोपेत घडलं तर कळतही नाही.

म्हणून हॉस्पिटलांमध्ये इन्सुलिनचा डोस दोघींनी तपासण्याची पद्धत आहे. 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर लिहिण्यालाही याच कारणासाठी विरोध आहे. घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात.

तेच औषध, पण रस्ता बदलला तर?

गोळी गिळली की ती पोटात, मग आतड्यात जाते. तिथून रक्तात शिरते, पण ते रक्त थेट शरीरभर फिरत नाही, आधी यकृतात जातं. यकृत हे शरीराचं जकात नाकं. औषधाचा काही भाग तिथेच मोडला जातो आणि उरलेला पुढे जातो. मॉर्फिनचं उदाहरण घ्या. तोंडावाटे ३० मिलिग्रॅम मॉर्फिनने जेवढं दुखणं थांबतं, तेवढ्यासाठी शिरेतून साधारण १० मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे गोळीचा डोस इंजेक्शनने दिला तर तो तिप्पट होतो.

सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली का ठेवायला सांगतात, याचं उत्तरही इथेच आहे. जिभेखालच्या बारीक शिरांमधून औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं आणि काही मिनिटांत काम सुरू करतं. छातीत कळ आल्यावर तीच गोळी पाण्यासोबत गिळली तर वेळ जातो.

शिरेतून दिलेलं औषध सगळ्यात वेगवान आणि म्हणूनच सगळ्यात निर्दय. गोळी चुकली तर उलटी करवता येते, पोट धुता येतं. शिरेत गेलेलं परत येत नाही. पोटॅशियम क्लोराइड हे याचं सगळ्यात घाबरवणारं उदाहरण. रक्तात पोटॅशियम कमी झालं की ते द्यावंच लागतं. पण ते सलाइनमध्ये मिसळून, पातळ करून, तासन् तास हळूहळू. अँप्यूलमधलं घट्ट द्रावण थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. दिसायला ते पाण्यासारखं, त्यामुळे इंजेक्शनसाठीच्या साध्या पाण्याच्या अँप्यूलशी घोळ होण्याचा धोका. म्हणून ते वॉर्डच्या ट्रेमध्ये इतर औषधांसोबत ठेवायचं नाही, वेगळं कुलपात ठेवायचं असा नियम आहे. २००७ च्या त्या नऊ उपायांत या घट्ट क्षारांसाठी एक वेगळा उपाय होता.

इथे नातेवाइकांसाठी एक गोष्ट. सलाइन संपायला उशीर लागतोय म्हणून नळीवरचं छोटं चाक स्वतःच फिरवून धार वाढवणारे महाभाग प्रत्येक वॉर्डात असतात. त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेलं असू शकतं. एका मिनिटात किती थेंब पडायचे, याचा हिशोब सिस्टरने केलेला असतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं आणि सेट १ मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट १५ थेंबांचा असेल तर ३१. लहान मुलांचा ६० थेंबांचा सेट निराळाच. तेव्हा चाकाला हात लावू नये, बेल दाबावी.

विनक्रिस्टिन नावाच्या कॅन्सरच्या औषधाने 'मार्ग' या शब्दाचा अर्थ फार वाईट पद्धतीने शिकवला. ते फक्त शिरेतून द्यायचं असतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये दुसरी काही औषधं मात्र पाठीच्या कण्यातून देतात. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये १८ वर्षांच्या एका मुलाला विनक्रिस्टिन पाठीच्या कण्यातून दिलं गेलं. कॅन्सरमधून तो बरा होत आला होता. महिन्याभरात तो गेला. ही चूक नर्सची नव्हती, डॉक्टरांची होती आणि अशी ती पहिलीही नव्हती. मग जागतिक आरोग्य संघटनेने एक साधा उपाय सुचवला. हे औषध सिरिंजमध्ये भरायचंच नाही, छोट्या सलाइनच्या पिशवीत मिसळून लटकवायचं. पाठीच्या सुईला कुणी पिशवी जोडायला जात नाही. सूचनांचे शंभर कागद भिंतीवर चिकटवण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी भारी आहे.

वेळ, नाडी आणि मध्येच येणारे लोक

औषध शरीरात कायम राहत नाही. यकृत ते मोडतं, किडनी बाहेर टाकते. पॅरासिटामॉलचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्मं होतं, म्हणून ते चार ते सहा तासांनी पुन्हा देता येतं. हृदयासाठीच्या डिगॉक्सिनला तेवढ्याच कामाला साधारण दीड दिवस लागतो, म्हणून ती गोळी दिवसातून एकदाच. किडनी अधू असेल तर डिगॉक्सिन साठत जातं. त्याचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत फार थोडं अंतर आहे. म्हणून ते देण्याआधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि मोठ्या माणसाचे ठोके ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे नर्सिंगच्या मुलांना पहिल्या पोस्टिंगपासून सांगितलं जातं. लिहिलेलं औषध न देणं, हाही कामाचाच भाग आहे.

हे सगळं पाठ असूनही चुका होतात. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन हॉस्पिटलांमध्ये ९८ नर्सेसचं काम जवळून पाहून एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देत असताना कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकीचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी वाढत होतं. व्यत्यय म्हणजे काय, तर फोन, बेल, डॉक्टरांची हाक आणि "सिस्टर, डिस्चार्ज कधी मिळणार?" काही देशांत औषधं देणाऱ्या नर्सला 'मध्ये बोलू नका' असं लिहिलेलं जॅकेट घालायला देतात. आपल्या सरकारी वॉर्डातली गर्दी बघता जॅकेट कितपत चालेल, हा प्रश्नच आहे. पण सिस्टर सिरिंज भरत असताना प्रश्न दोन मिनिटं गिळणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार औषधांच्या चुकांचा जगभरातला खर्च वर्षाला ४२ अब्ज डॉलर आहे. ही गंभीर, टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, असं ठरवून संघटनेने २०१७ मध्ये मोहीम सुरू केली होती. नॅशव्हिलची घटना त्याच वर्षातली.

आणि घरी आल्यावर?

डिस्चार्ज मिळाला की नर्सचं काम घरातल्या कुणाकडे तरी येतं. बहुतेक वेळा आईकडे. तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो लहान मुलांच्या तापाच्या औषधात. पॅरासिटामॉलचं सिरप साधारणपणे ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असतं. थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकतं, कारण तान्ह्या बाळाला कमी औषध पाजावं लागावं अशी सोय केलेली असते. १० किलोच्या मुलाचा एका वेळचा डोस साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम. सिरपच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतलं ५ मिलिलिटर पाजलं, तर ५०० मिलिग्रॅम जातं. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर येतं आणि पहिल्या दिवशी मूल जवळपास ठीकच दिसतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. अशी चूक लक्षात आली तर लक्षणांची वाट न बघता बाटली घेऊन हॉस्पिटल गाठावं. त्यावर उतारा आहे आणि तो लवकर दिला तर चांगला लागू पडतो.

दुसरा घोळ गोळी कुटण्याचा. आजोबांना गिळता येत नाही किंवा नाकातून नळी आहे, म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात जातात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर अशी अक्षरं असतात, ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. तीच औषधं बऱ्याचदा साध्या गोळीत किंवा सिरपमध्ये मिळतात, पण बदलून डॉक्टरांनीच द्यायला हवीत. डिस्चार्जच्या दिवशी फाईल हातात पडते तेव्हा बिलाच्या गडबडीत हे विचारायचं राहून जातं. यातली कुठली गोळी कुटायची नाही, कुठली उपाशीपोटी घ्यायची, कुठली चहासोबत चालत नाही, हे त्याच वेळी सिस्टरकडून पाकिटांवर मराठीत लिहून घेता येतं.